नाशिकजवळ रस्त्याकडेला सीएनजी पंप टाकावा का?

मळेकरी
३ डिसेंबर, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

दिंडोरी रोडला म्हसरूळ सोडून पुढे आमची वडिलोपार्जित जमीन आहे. मागे द्राक्षं. पुढचा दीडेक एकराचा तुकडा डांबरीला लागून आहे, पण मुरमाड असल्यानं तिथे बाग धरत नाही. दादा (वडील) म्हणतात मंगल कार्यालय बांधू. धाकट्याला ढाबा टाकायचाय. माझ्या डोक्यात सीएनजी पंप आहे.

कारण साधं आहे. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगावला जाणाऱ्या पिकअप, वणीला गडावर जाणाऱ्या गाड्या, शहरातल्या रिक्षा, सगळे गॅसवर आले. आमची पिकअपही गॅसवरच आहे. भरायला शहरात जायचं आणि तास-दीड तास रांगेत थांबायचं. इतकं गिऱ्हाईक रांगेत उभं राहतं असा दुसरा कुठला धंदा आहे? मग लोक पटापट पंप का टाकत नाहीत? खर्च किती, परवानग्या कुठल्या, आणि दहा वर्षांनी सगळं इलेक्ट्रिक झालं तर काय? जाणकारांनी लिहावं.

टवाळ_गोदाकाठ
३ डिसेंबर, सकाळी ८.०२

मंगल कार्यालय. गॅस संपला तरी जेवणावळ थांबत नाही. दादांचं ऐका.

शालिमार_स्टँड
३ डिसेंबर, सकाळी ८.५५

वडिलांची रिक्षा आहे, सुट्टीच्या दिवशी मीही चालवतो. रांगेबद्दल मी लिहितो, बाकी जाणकार लिहितील.

पहाटे पाचला नंबर लावायचा. पुढची गाडी सरकली की इंजिन चालू करायचं नाही, एक पाय खाली टेकवून रिक्षा ढकलायची. पावसाळ्यातही तसंच. गॅसचा ट्रक आला की रांगेत मागपर्यंत बातमी जाते, "गाडी आली, गाडी आली". पहिल्या वीस-पंचवीस जणांना टाकी फुल मिळते. मग डिस्पेन्सरवरचा (गॅस भरायच्या यंत्रावरचा) काटा चढायचा थांबतो, नोझलवाला पोरगा ओरडतो, "प्रेशर डाऊन, अडीच किलो पडेल, घ्यायचा तर घ्या!" अडीच किलो म्हणजे दुपारी परत रांगेत. घेतला नाही तर पुढचा ट्रक कधी येईल ते त्या पोरालाही माहीत नसतं.

सकाळी आठ ते दहा हा आमचा कमाईचा वेळ. शाळेची पोरं, कोर्टाचे वकील, नाशिकरोडला गाडी पकडणारे. तोच वेळ रांगेत जातो. वडील सरळ म्हणतात, गॅस स्वस्त आहे पण माझा वेळ फुकट नाही. मळेकरी, तुम्ही पंप टाका हो, पण ट्रकवरचा टाकणार असाल तर आणखी एक रांग तेवढी वाढेल.

अर्टिगावाला
३ डिसेंबर, सकाळी ९.२०

रांगेचं दुःख समजलं. पण रिक्षावाले मधूनच घुसतात त्याबद्दलही लिहा की राव. चार रिक्षांचा एक प्रतिनिधी रांगेत उभा असतो आणि ऐन वेळी बाकीचे तिघे 'हा आमचाच नंबर' म्हणत येतात.

शालिमार_स्टँड
३ डिसेंबर, सकाळी ९.३१

आणि कारवाले गाडी रांगेत लावून मिसळ खायला जातात, रांग पुढे सरकली तरी गाडी तिथेच. त्याबद्दल कोण लिहिणार?

अर्टिगावाला
३ डिसेंबर, सकाळी ९.३४

मिसळीबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. हलकं घ्या.

कॉम्प्रेसरकाका
३ डिसेंबर, सकाळी ११.४८

मळेकरी, तुमच्या प्रश्नातच मेख आहे. पंप वेगळा आणि गॅस वेगळा. हयात कॉम्प्रेसरवर गेली, आता निवृत्त होऊन पाथर्डी फाट्याला राहतो. हाताशी वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

गाडीच्या टाकीत गॅस २०० बार दाबानं भरतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, कारच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. स्वयंपाकघरात पाइपनं गॅस येतो तो २१ मिलिबारला. गल्लीतून जी पिवळी प्लास्टिकची नळी जाते तिच्यात फार तर ४ बार. म्हणून "आमच्या कॉलनीत लाइन आली, आता पंप कधी?" या प्रश्नाला अर्थ नाही. पंपाला पोलादी वाहिनी लागते, तिच्यात साधारण वीस-पंचवीस बार असतात. तिथून कॉम्प्रेसर तो टप्प्याटप्प्यानं २५० बारपर्यंत चढवतो, आणि गाडीत २०० झाले की डिस्पेन्सर आपोआप तोडतो.

पोलादी वाहिनीवर बसलेला तो ऑनलाइन पंप. जो स्वतः विकतोच, शिवाय ट्रकवरच्या कॅस्केडही (एकत्र बांधलेले सिलिंडर) भरून देतो, तो मदर. वाहिनी नाही, ट्रकनं येईल तेवढाच विकायचा, तो डॉटर. त्याच्याकडे दाब वाढवणारं छोटं यंत्र असेल तर डॉटर बूस्टर. टँकरनं पाणी येणारं गाव आणि नळयोजनेचं गाव यांत जो फरक, तोच इथे. टँकरच्या गावात तुम्ही आणखी चार तोट्या बसवल्या म्हणून पाणी वाढत नाही.

आता हिशेब बघा. ३००० लिटर पाण्याच्या मापाची कॅस्केड असेल तर २०० बारला तिच्यात साधारण पाचशे किलो गॅस मावतो. हा सगळा विकता येत नाही. ट्रकमधला दाब आणि गाडीतला दाब सारखा झाला की गॅस वाहायचा थांबतो. म्हणून सिलिंडरांचे तीन गट करतात. आधी कमी दाबाच्या गटातून भरायचं, मग मधल्या, शेवटी चढ्या. एवढं करूनही बूस्टर नसला तर बराचसा गॅस आला तसा परत जातो. शालिमार_स्टँड यांनी लिहिलेलं "प्रेशर डाऊन" ते हेच. गॅस असतो, पण ढकलणारा दाब नसतो.

समजा चारशे किलो हाती लागला. रिक्षेला चार किलोप्रमाणे शंभर रिक्षा, किंवा कारला आठ किलो धरले तर पन्नास कार. संपलं. पुढचा ट्रक शहरातल्या द्वारका चौकात अडकलेला. रांग नोझलपाशी लागत असली तरी अडचण ट्रक भरण्यात आणि ट्रक येण्यात आहे.

म्हणून पंप टाकण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: पोलादी वाहिनी माझ्या जागेपासून किती लांब आहे आणि ती कधी येणार? खर्च, परवानग्या, इलेक्ट्रिक गाड्या, सगळं त्याच्या नंतर.

वाचनखूण
३ डिसेंबर, दुपारी १२.१५

काका, असा प्रतिसाद बऱ्याच दिवसांनी वाचला. एक शंका. उन्हाळ्यात माझ्या वॅगनआरमध्ये गॅस कमी भरतो आणि थंडीत जास्त. पंपवाले मापात मारतात का?

कॉम्प्रेसरकाका
३ डिसेंबर, दुपारी १.०५

मापात मारायला वाव कमी आहे, कारण मीटर वजन मोजतो. जेवढे किलो गेले तेवढ्याचेच पैसे. भरताना टाकीतला गॅस दाबला जाऊन तापतो, त्यात बाहेर उन्हाचा कडाका. तापलेला गॅस फुगतो, २०० बार लवकर दिसतात, डिस्पेन्सर तोडतो. मग गार झाल्यावर काटा खाली येतो आणि लोक पंपवाल्याच्या नावानं बोटं मोडतात. मे महिन्यात पहाटे भरा.

हवामहल
३ डिसेंबर, दुपारी २.४०

रांगेतला आणखी एक वाटेकरी कोणी लिहिलाच नाही. महापालिकेची सिटीलिंक बससेवा ८ जुलै २०२१ ला सुरू झाली तेव्हा ताफा २५० बसचा ठरला होता, त्यातल्या २०० सीएनजीवर. एका बसमध्ये वीसेक रिक्षांचा गॅस सहज मावतो. बस सीएनजीवर असाव्यात याला माझा पाठिंबाच आहे, डिझेलच्या धुरानं सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उभं राहवत नसे. पण मागणी एका झटक्यात वाढते आणि वाहिनी तिच्या गतीनं येते. आता कुंभ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. बाहेरच्या गाड्या येतील त्यांना गॅस कुठून देणार, याचं उत्तर आजच शोधायला हवं.

टवाळ_गोदाकाठ
३ डिसेंबर, दुपारी २.५२

साधूंच्या आखाड्यांना नंबर लावायचा अनुभव आहे. त्यांना पंपावर नेमा.

यमुनापार
३ डिसेंबर, सायंकाळी ६.१०

मी २००१-०२ मध्ये नोकरीनिमित्त दिल्लीत होतो, तेव्हाचं थोडं. सर्वोच्च न्यायालयानं २८ जुलै १९९८ ला आदेश दिला होता की ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्लीच्या सगळ्या बस सीएनजीवर आणा. मुदत आली तेव्हा ना पुरेशा बस होत्या, ना पंप, ना दाब. रिक्षांच्या रांगा उड्डाणपुलावर चढायच्या. रात्री चालक रिक्षेतच चादर घेऊन झोपायचे, बायका डबे आणून द्यायच्या. बस कमी पडल्यानं आम्ही दारात लोंबकळत ऑफिस गाठायचो. रोज वर्तमानपत्रात कोणीतरी लिहायचं की हा प्रयोग फसला.

२००२ च्या डिसेंबरपर्यंत डिझेलच्या शेवटच्या शहर बस गेल्या आणि पंपांचं जाळंही बसलं. सांगायचा मुद्दा असा की दिल्लीत न्यायालयाचा बडगा होता म्हणून गाड्या आणि पंप दोन्ही बाजूंना एकाच वेळी पळावं लागलं. आपल्याकडे असा बडगा कोणाच्या हातात नाही. गॅस स्वस्त म्हणून गाड्या आल्या, पंप मागून येतोय.

चार्जर
३ डिसेंबर, रात्री ९.२५

सगळं वाचलं. मळेकरी, तुम्ही उद्याचा पैसा कालच्या इंधनात घालताय असं मला वाटतं. इलेक्ट्रिक तीनचाकी शहरात दिसायला लागल्या, माझी गाडी घरी रात्रीत चार्ज होते, रांग नाही, ट्रक नाही, दाब नाही. गॅसही शेवटी खनिजच, आणि देशाला लागणाऱ्या गॅसचा जवळपास निम्मा बाहेरून येतो. युद्ध कुठेतरी होतं आणि भाव इथे चढतो. त्या जागेवर चार चार्जर आणि चहाचं दुकान टाका.

पिकअप_लासलगाव
३ डिसेंबर, रात्री ९.५८

चार्जरभाऊ, कांद्याची गाडी घेऊन वाशीला जा एकदा. दीड टन माल, कसारा घाट, आणि पहाटे बाजार लागायच्या आत पोचायचं. मध्ये दोन तास चार्जिंगला थांबलो तर कांद्याला मोड येतील. गॅसवर घाटात गाडी थोडी मरते हे खरं, चढणीला मी पेट्रोलवर घेतो. पण महिन्याच्या खर्चात जो फरक पडतो त्यावर हप्ता फिटतो. शहरातल्या माणसाला इलेक्ट्रिक परवडेल, आम्हाला अजून वेळ आहे.

चार्जर
३ डिसेंबर, रात्री १०.१०

मालवाहतुकीचा मुद्दा मान्य. रिक्षांचा नाही. रिक्षा दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर चालते, तिला इलेक्ट्रिक पुरते. आणि मळेकरींचं अर्धं गिऱ्हाईक रिक्षाच असणार.

शालिमार_स्टँड
३ डिसेंबर, रात्री १०.२२

नवीन घेणाऱ्याला पुरेल. आमच्या रिक्षेचं कर्ज आत्ता फिटतंय, ती काय भंगारात टाकू?

परदेशी_पाखरू
४ डिसेंबर, पहाटे ५.१५

मूळचा सातपूरचा, सध्या टांझानियात दार-एस-सलामला. इथलं चित्र नाशिकच्या अगदी उलट आहे म्हणून लिहितो. या देशाकडे स्वतःचा गॅस आहे. सोंगो सोंगो बेटाजवळच्या क्षेत्रातून वाहिनी २००४ मध्येच दार-एस-सलामपर्यंत आली. पण त्यातला बहुतेक गॅस वीजनिर्मितीला जातो आणि शहरात गॅसपंप बरीच वर्षं बोटांवर मोजण्याइतके होते. रस्त्यावर आपल्याच बजाजच्या रिक्षा, त्या गॅसवर करून घ्यायला चालक एका पायावर तयार. किटचे पैसे कर्जानं उभे करतात आणि मग उबुंगो भागातल्या पंपावर अर्धी रात्र काढतात.

गॅस आहे, वाहिनी आहे, गाड्या आहेत, तरी पुरेसे पंप झाले नाहीत, कारण कॉम्प्रेसर आणि डिस्पेन्सर परदेशातून आणायचे, त्याला डॉलर लागतात, आणि पुरेशा गाड्या दिसल्याशिवाय कोणी पैसे घालत नाही. गाडीवाला म्हणतो पंप दाखवा, पंपवाला म्हणतो गाड्या दाखवा. भारतात निदान कंपन्यांना क्षेत्र देताना ठरलेल्या वर्षांत ठरलेले पंप उभारायची अट घालतात, इथे ते घडायला वेळ लागला.

नियमावली
४ डिसेंबर, सकाळी ९.००

पाखरूंच्या शेवटच्या वाक्याला जोडून. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६ चा. मंडळ देशाचे भाग पाडून बोली मागवतं, जिंकणाऱ्या कंपनीला त्या भागात काही वर्षं एकटीला काम मिळतं आणि बदल्यात किती पंप, किती घरजोडण्या, किती किलोमीटर पोलादी वाहिनी हे तिनं लिहून द्यायचं. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांचं क्षेत्र २०१८ च्या नवव्या फेरीत गेलं. त्या एका फेरीत देशात ८६ क्षेत्रं वाटली गेली. म्हणजे मुंबईत १९९५ पासून कंपनी आहे आणि आपली सुरुवात त्यानंतर तेवीस वर्षांनी. त्यात मध्ये कोरोना.

किमतीचंही लिहितो. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही. महाराष्ट्रानं १ एप्रिल २०२२ पासून व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हाच गाड्यांची लाट आली. केंद्राचं १४ टक्के उत्पादन शुल्क आहेच. २०२३ च्या एप्रिलपासून देशातल्या जुन्या वायुक्षेत्रांतून निघणाऱ्या गॅसवर दर एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) सुरुवातीला ६.५ डॉलरची कमाल मर्यादा आली, पण २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरी वितरणाच्या वाट्याला येणारा हा स्वस्त गॅस कमी केला गेला आणि कंपन्यांना महागडा गॅस मिसळावा लागला. पंप टाकणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. पेट्रोल आणि गॅसच्या दरातलं अंतर जितकं कमी, तितकी रांग कमी, आणि तुमची विक्रीही.

पाकिस्तानचं उदाहरण बघा. एके काळी जगात सर्वाधिक सीएनजी गाड्या असलेल्या देशांत त्यांचं नाव होतं. गॅस कमी पडायला लागल्यावर पंप आठवड्यातले ठरावीक दिवस बंद ठेवायला लागले.

अर्टिगावाला
४ डिसेंबर, सकाळी ९.४०

अवांतर: बजाजची सीएनजी मोटारसायकल आल्यापासून (जुलै २०२४) तीही रांगेत. दोन किलोसाठी अख्ख्या कारची जागा अडवतात. आता बैलगाडीलाही किट बसवा म्हणजे शालिमार_स्टँड आणि मी मिळून तिच्याशी भांडू.

सिन्नरफाटा_पंप
४ डिसेंबर, सकाळी ११.३०

आमचा पेट्रोल पंप आहे, आवारात गॅसचे दोन डिस्पेन्सर बसवलेत. ट्रकवर चालतात. धंदेवाल्याच्या बाजूनं दोन शब्द लिहितो, धागाकर्त्याच्या उपयोगी पडतील.

एक, किलोमागे मिळणारं कमिशन ठरलेलं असतं. भाव वाढला तरी आपल्या हाती तेवढेच पैसे. म्हणजे सगळा खेळ दिवसाला किती किलो गेले याचा, आणि ते ट्रकवर ठरतं, आपल्यावर नाही. ट्रक नाही आला तरी पोरांचा पगार आणि विजेचं बिल चालूच. दोन, रांगेतली माणसं गिऱ्हाईक आहेत हा गैरसमज काढून टाका. रांग फाटकाबाहेर गेली की पेट्रोलवाला आत शिरतच नाही, सरळ पुढच्या पंपावर जातो. आमची पेट्रोलची विक्री त्यामुळे पडली. तीन, रांग हायवेवर गेली की वाहतूक पोलीस आपल्याकडे येतात, गॅस आणणाऱ्याकडे नाही.

बरं, हेच ऑनलाइन पंपावर सगळं उलटं होतं. वाहिनीवरच्या पंपवाल्याचा गॅस अहोरात्र वाहतो. वीज गेली तर तेवढा थांबतो. ताशी बाराशे घनमीटरच्या कॉम्प्रेसरला अडीचशे किलोवॉटच्या आसपासची मोटर लागते, म्हणजे उच्चदाबाची वीजजोडणी, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. दिंडोरी रोडच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) ते कसं जमेल याची वीज कार्यालयात चौकशी करा.

परवानग्यांचं विचारलंत. जमीन बिगरशेती, मग पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेची मंजुरी (मुख्यालय नागपूरला), रस्ता ज्याच्या ताब्यात त्याच्याकडून गाड्या आत-बाहेर करायची परवानगी, जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला, अग्निशमन. यातलं रस्त्याचं काम सगळ्यात चिकट. वळणावर जागा असेल, नाहीतर चौकापासून ठरलेलं अंतर नसेल, तर पुढे जाऊच नका.

सावध
४ डिसेंबर, दुपारी १२.०५

मळेकरी, सर्वांत आधी हे वाचा. इंटरनेटवर 'सीएनजी पंप डीलरशिप' शोधलं की कंपनीसारखी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं येतात. माझ्या मेहुण्याला असाच फोन आला. गोड बोलणं, शिक्क्याचं पत्र, मग नोंदणी शुल्क, मग जागा पाहणी शुल्क, मग 'यंत्र निघालंय, विमा भरा'. यंत्र अजून निघतंय. खरी कंपनी वर्तमानपत्रात जाहिरात देते आणि कार्यालयात बोलावते. कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकायला सांगितलं की फोन ठेवा.

शेणखत
४ डिसेंबर, दुपारी ३.३५

वाहिनीची वाट कशाला बघायची? गॅस आपल्या शिवारातच आहे. साखर कारखान्याची मळी, कोंबड्यांची विष्ठा, वाइनरीतला द्राक्षाचा चोथा, बाजार समितीतला सडका भाजीपाला. केंद्राची 'सतत' नावाची योजना २०१८ पासून याच्यासाठीच आहे. शिवाय शहर गॅस कंपन्यांना आपल्या गॅसात जैविक गॅस मिसळायची सक्ती झाली, २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढच्या वर्षी ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. म्हणजे विकत घेणारा ठरलेला. आपल्या महापालिकेनंही मैला आणि हॉटेलचं खरकटं एकत्र करून गॅस बनवायचा प्रकल्प जर्मन मदतीनं उभारलाच होता, वीज करायला.

कॉम्प्रेसरकाका
४ डिसेंबर, सायंकाळी ५.२०

शेणखत, कल्पना उत्तम, पण गॅस निघणं आणि गाडीत भरता येणं यात बरंच अंतर आहे. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, जो सिलिंडर आतून खातो. धुऊन नव्वद टक्क्यांच्या वर मिथेन न्यावा लागतो, मग सुकवायचा, मग दाबायचा. ती यंत्रं एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाहीत. आणि वर्षभर रोज तेवढाच कच्चा माल लागतो. द्राक्षाचा चोथा दोन-तीन महिने मिळेल, उरलेले महिने जंतू उपाशी राहतील का? कारखाना किंवा मोठी सोसायटी करू शकते, जरूर करावं.

वाहिनी न पोचलेल्या ठिकाणी आणखी एक मार्ग आहे तो सांगायचा राहिला. गॅस उणे १६२ अंशांवर द्रव होतो आणि सहाशेपट कमी जागा घेतो. दहेजसारख्या बंदरावरून टँकरनं तो द्रव आणायचा, पंपावर निर्वात भिंतींच्या टाकीत साठवायचा, द्रव असतानाच दाब चढवून मग वाफ करायची. द्रवाला दाब द्यायला वीज फार कमी लागते आणि एक टँकर कित्येक कॅस्केडची भर काढतो. पण टाकी महाग, आणि विक्री मंदावली की द्रवाची हळूहळू वाफ होत राहते, तिचं काय करायचं हा प्रश्न. दिवसाला भरपूर खप असलेल्या हायवेच्या जागेलाच ते परवडतं.

मळेकरी
१२ डिसेंबर, रात्री ८.१५

उशिरा लिहितोय, छाटणीनंतरच्या फवारण्या चालू होत्या. सगळ्यांचे आभार, विशेषतः काका आणि सिन्नरफाटा_पंप यांचे.

गॅस कंपनीच्या कार्यालयात जाऊन आलो. काकांनी सांगितलेला प्रश्नच आधी विचारला. समोरच्या माणसानं कौतुकानं बघितलं, बहुतेक लोक आधी कमिशन विचारतात म्हणे. आमच्या बाजूच्या रस्त्याला पोलादी वाहिनी आज नाही, आणि तारीख त्यांनी सांगितली नाही. ट्रकवरचा पंप लगेच होऊ शकतो असं म्हणाले. इथलं वाचल्यावर ट्रकवरचा टाकायची हिंमत होत नाही. उलट बाजूनं विचार केला तर आत्ता टाकला म्हणजे वाहिनी आली की पहिला नंबर आपला. काय करावं?

सिन्नरफाटा_पंप
१२ डिसेंबर, रात्री ९.००

पहिला नंबर मिळतो हे खरं, पण तो लेखी मिळाला तरच. "लाइन आली की तुम्हालाच ऑनलाइन करू" हे करारात घालतात का बघा. तोंडी बोलण्यावर कर्ज काढू नका.

नियमावली
१२ डिसेंबर, रात्री ९.४०

एक गोष्ट जमेस धरा. 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेनं टाकली आहे, म्हणजे ती इगतपुरी-सिन्नर भागातून जाते. मोठा झरा जिल्ह्यात आला आहे. तिथून शहरातल्या आणि तुमच्या रस्त्याच्या वाहिनीपर्यंत यायला काळ लागेल, पण येणार त्याच दिशेनं. सिन्नर, घोटी बाजूला कोणाची जागा असेल तर त्यानं जास्त गंभीरपणे विचार करावा. दिंडोरी रोड त्या मानानं दुसऱ्या टोकाला पडतो.

चार्जर
१२ डिसेंबर, रात्री १०.०५

म्हणजे माझा चहाचं दुकान आणि चार चार्जरचा प्रस्ताव अजून जिवंत आहे.

कॉम्प्रेसरकाका
१३ डिसेंबर, सकाळी ६.५०

मळेकरी, माझं मत विचाराल तर आज यंत्रावर रुपया घालू नका, जागा मात्र तयार ठेवा. बिगरशेती करून घ्या, रस्त्याची परवानगी मिळते का बघा, विजेची चौकशी करा. हे कागद पंपाला लागतात, चार्जरला लागतात आणि दादांच्या मंगल कार्यालयालाही लागतात. आणि त्या मुरमाड तुकड्याच्या सातबाऱ्यावर नावं किती आहेत?

मळेकरी
१३ डिसेंबर, सकाळी ७.१०

दादांचं, दोन चुलत्यांचं आणि पुण्याच्या आत्याचं.

सिन्नरफाटा_पंप
१३ डिसेंबर, सकाळी ७.२५

मग आधी पुण्याला जाऊन या.